जबड्याचं वय आधी, लिंग नंतर

पोलिसांकडून तपासणीसाठी आमच्याकडे हाडं येतात ती पांढऱ्या कापडात शिवलेल्या पुडक्यात नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्यात, लाखेच्या मोहरा लावून. सोबतच्या पत्रात प्रश्न ठरलेले असतात : हाडं माणसाची काय, किती जणांची, वय काय, लिंग काय, उंची किती, मृत्यूला किती काळ झाला, कारण काय. खोक्यात कमरेचं हाड असेल तर लिंगाचा प्रश्न अर्ध्या तासात मिटतो. नुसता खालचा जबडा आला, तर तोच प्रश्न दोन दिवस खातो आणि शेवटी उत्तराआधी ‘बहुधा’ लावावं लागतं. विल्टन क्रोगमन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाचे लिंग किती वेळा बरोबर ओळखता येतं याचे जुने आकडे न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात : पूर्ण सांगाडा १०० टक्के, कटीर (कमरेचं हाड) ९५, कवटी ९०च्या आसपास, लांब हाडं ८०. हे कवटीचे नव्वद टक्के जबड्यासकटच्या कवटीचे आहेत, एकट्या जबड्याचे नाहीत, हे मात्र बरेच जण विसरतात.

आणखी एक बारीक गोष्ट शब्दाची. ‘लिंगनिदान’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना सोनोग्राफी आणि गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा १९९४चा कायदा आठवतो. म्हणून अहवालात आम्ही ‘लिंगनिश्चिती’ लिहितो. खरं तर त्यात ‘निश्चिती’ हा शब्दही जरा जास्तच होतो.

जबडा एकटा येतो याला कारण आहे. तो कवटीला हाडानं जोडलेला नसतो. सांध्याची पिशवी, अस्थिबंध आणि स्नायू यांवर टांगलेला असतो. मऊ भाग कुजला की सुटतो, ओढ्यातून वाहत जातो, उतारावरून घसरतो, कुत्री-कोल्ही उचलून नेतात. आणि कुत्री कुरतडतात नेमके कडेचे भाग : कानापुढचा गोल माथा, म्हणजे काँडाइल, आणि गालाखालचा कोपरा, म्हणजे गोनियन. लिंगनिश्चितीची निम्मी मापं याच दोन जागांवरून घ्यायची असतात. म्हणून खोकं उघडल्यावर पहिली नजर कोपऱ्यांवर जाते. खड्डे, ओरखडे दिसले तर मूळ कड शाबूत आहे का हे भिंगाखाली पाहतो. ती नसेल तर त्या बाजूच्या मापाचा रकाना रिकामा ठेवतो. अंदाजानं भरलेलं माप एकदा सूत्रात गेलं की तो अंदाज होता हे पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही.

मोहोर नमुन्याशी ताडून घेतो. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून असे सहा फोटो मोजपट्टी ठेवून काढतो. इथून पुढे तपासणाऱ्या दोघांची कामं वेगळी. एक जण पत्र आणि पंचनामा वाचतो, दुसरा मुद्दाम वाचत नाही. जबड्याला गुण देतो तो न वाचणारा. पंचनाम्यात ‘हाडांजवळ हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे’ एवढं वाचलं की समोरची हनुवटी आपोआप निमुळती दिसू लागते. डोळ्यांनी गुण देण्याच्या पद्धतीत हा धोका कायमचा. दातांवरचे काळे थरही असेच फसवतात. गावाकडे मिशरी लावणाऱ्या बायका पुष्कळ, म्हणून काळे दात दिसले की बाई, असा हिशोब मनात होऊन जातो. मिशरी पुरुषही लावतात, आणि मातीतलं लोह-मँगनीजसुद्धा दात काळे करतं.

साफसफाईच्या आधीच डीएनएसाठी एक दाढ हेरून ठेवतो : कीड नसलेली, न फुटलेली, मुळं हाडात घट्ट बसलेली. ती उपटायची सगळ्यात शेवटी, पण तोवर तिच्यावर ब्रश चालवत नाही. हातमोजे आणि मास्क पहिल्या मिनिटापासून. खोकल्याच्या एका उबळीनं आपलाच डीएनए त्यात जाऊन बसतो.

माती कोरडी असेल तर मऊ ब्रश पुरतो. चिकणमाती बसली असेल तर बांबूची काडी. टोकदार लोखंडी हत्यार वापरत नाही, कारण त्याचे ओरखडे पुढे कोणीतरी शस्त्राच्या खुणा म्हणून वाचतो. पाण्याखाली धरायची वेळ आलीच तर खाली चहाची गाळणी धरतो. पटाशीचे दात आणि सुळे एका मुळाचे, शंकूसारखे. बंध कुजले की खळगीतून नुसत्या हलण्यानं निसटतात आणि बेसिनच्या जाळीतून गेले की गेले. दात नसलेल्या खळग्या इथेच तपासून घेतो. कडा धारदार आणि खळगी मोकळी असेल तर दात मृत्यूनंतर पडला. कडा गोलसर झालेल्या, खळगी हाडानं भरत आलेली असेल तर तो जिवंतपणीच गेला होता. या फरकाचं काम पुढे पडणार आहे.

मांस चिकटलेलं असेल तर कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर टाकून हाड भिजत ठेवतो आणि रोज पाणी बदलतो. उकळायचं नाही. दातांचं कवच तडकतं, आणि चरबी हाडात मुरून ते कायमचं तेलकट राहतं. ब्लीचमध्ये बुडवलेलं हाड पांढरंशुभ्र, देखणं होतं आणि बोटाला खडूसारखं लागतं. डीएनएचीही वाट लागते. वाळवायचं सावलीत, जाळीवर. उन्हात ठेवलेला ओला जबडा तडकतो, त्याचे फाटे किंचित वेडेवाकडे होतात आणि मागची रुंदी बदलते. पूर्ण वाळल्याशिवाय मोजायचं नाही, कारण ज्या हाडांवरून तक्ते बनले ती कोरडी होती.

माणसाचा आहे की जनावराचा, हे फार वेळ घेत नाही. हनुवटी फक्त माणसाला असते. शेळीच्या जबड्याचे दोन भाग पुढे पक्के जुळलेले नसतात आणि पुढचे दात व दाढा यांच्यात मोठी मोकळी जागा असते. डुकराचे दोन भाग जुळतात, पण तोंड लांबट आणि सुळा निराळाच. माकडाच्या जबड्यावर थोडं थांबावं लागतं, तेही तुकडाच आला असेल तर. कवटी सोबत असेल तर काँडाइल तिच्या खोबणीत बसवून आणि दात वरच्या दातांशी जुळवून दोन्ही एकाच माणसाचं आहे याची खात्री करून घेतो. हे न करता कटीर एकाचं आणि जबडा दुसऱ्याचा असा मेळ घातला गेला, तर पुढचं सगळं शास्त्र वाया.

आता नवखा माणूस हनुवटी चाचपायला लागतो. आम्ही तिथे थांबवतो. आधी वय. लिंग जबड्यात फक्त मधल्या वयात नीट उमटलेलं असतं. दोन्ही टोकांना ते पुसट होतं, आणि वाईट म्हणजे दोन्ही टोकांची चूक एकाच दिशेला जाते : पुरुष बाई म्हणून नोंदला जातो.

लहान टोक आधी. जन्माच्या वेळी जबड्याचे डावे-उजवे भाग वेगळे असतात. ते पहिल्या-दुसऱ्या वर्षात जुळतात. आडवं हाड आणि उभा फाटा यांच्यातला कोन तेव्हा फार उघडा असतो, आणि ओठाकडे जाणारी नस जिथून बाहेर येते ते भोक, मेंटल फोरामेन, खालच्या कडेजवळ असतं. दुसरी दाढ साधारण बाराव्या वर्षी येते, अक्कलदाढ सतरा ते पंचवीसच्या दरम्यान. मुलाच्या जबड्याला पुरुषी घडण येते ती वयात येताना, आणि वाढ विशीपर्यंत रेंगाळते. अक्कलदाढ अजून हाडात आहे, दुसऱ्या दाढेचं मूळ नुकतंच बंद झालंय, अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा जबडा सगळ्या कसोट्यांवर बाईचा ठरतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन-दोन रांजणांत पुरलेली कितीतरी मुलं सापडली. त्या मुलांचं वय दातांवरून वर्षा-सहा महिन्यांच्या फरकानं काढता येतं. मुलगा की मुलगी, हे जबड्याच्या आकारावरून सांगणारा भेटला तर त्याला विनम्रपणे चहा पाजावा आणि विषय बदलावा.

म्हातारं टोक जास्त फसवं, कारण तिथे हाड पूर्ण वाढलेलं असल्यामुळे मापं घ्यायला हात शिवशिवतात. दात गेले की त्यांना धरून ठेवणारं हाड झिजतं. आडव्या हाडाची उंची निम्मीसुद्धा राहत नाही. तरुणपणी मध्यावर असलेलं मेंटल फोरामेन वरच्या कडेला येऊन टेकतं. ते भोक सरकलेलं नसतं, वरचं हाड गेलेलं असतं. चावण्याचा जोर संपल्यामुळे कोपऱ्यावरचे स्नायूंचे कंगोरे बोथट होतात आणि कोन पुन्हा उघडल्यासारखा दिसतो. बुटका, गुळगुळीत, उघड्या कोनाचा जबडा : क्रमिक पुस्तकातलं बाईचं वर्णन एका बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याला तंतोतंत लागू पडतं. म्हणून खळग्यांची नोंद आधी. जिवंतपणी सगळ्या दाढा गेलेल्या असतील, तर उंचीची मापं आणि कोन आम्ही लिंगासाठी वापरतच नाही. मग हनुवटीचा पाया, काँडाइलचा आकार आणि मागची रुंदी एवढंच उरतं.

वय वीस ते पन्नास-पंचावन्नच्या मधलं दिसलं, दाढा जागेवर असल्या, की डोळ्यांचं काम सुरू. जबडा काळ्या कापडावर ठेवायचा आणि दिवा एका बाजूनं, खालून लावायचा. छतावरच्या ट्यूबच्या उजेडात सगळ्या हनुवट्या सपाट दिसतात. हनुवटीला गुण देताना जबडा दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरायचा, अंगठे हनुवटीच्या दोन बाजूंना. अंगठे हळूहळू मध्याकडे सरकवत आणायचे. उंचवट्याची कड लागली की थांबायचं. दोन अंगठ्यांमध्ये उरलं ते हनुवटीचं टेकाड. आजूबाजूच्या हाडावर ते जेमतेम जाणवत असेल तर १, पुढचा बहुतेक भाग व्यापून ठसठशीत पुढे आलेलं असेल तर ५. डोळे मिटून केलं तर जास्त चांगलं कळतं. खालून पाहिलं की पुरुषाची हनुवटी दोन कोपरे असलेली, चौकोनी दिसते, बाईची एका टोकाकडे निमुळती होते. १ आणि ५ वर भांडण होत नाही. निम्म्याहून जास्त जबडे २, ३, ४ मध्ये पडतात. ३ म्हणजे ‘माहीत नाही’. त्याला ३ लिहिण्याची सवय लागायलाच काही महिने जातात.

मग कोपरा. जबडा टेबलावर ठेवून मागून पाहायचं. दोन्ही कोपरे बाहेर वळलेले असतील, बाहेरच्या अंगाला खडबडीत कंगोरे असतील, तर कल पुरुषाकडे. हे वळण हाडाचं जितकं, तितकंच चावण्याच्या स्नायूचं आहे. वर्षानुवर्षं सुपारी फोडून खाणाऱ्याचे गालाचे स्नायू दणकट होतात आणि कोपऱ्यावर तशी खूण राहते. दाढा सपाट झिजलेल्या आणि कोपरे खडबडीत असतील, तर कोपऱ्याचा शब्द अर्धाच धरतो. एकच कोपरा वळलेला असेल तर एका बाजूनं चावण्याची सवय. दुसऱ्या बाजूच्या दाढा बहुधा किडलेल्या किंवा गेलेल्या सापडतात.

उभ्या फाट्याला, रॅमसला, १९९६ साली बराच भाव आला. लोथ आणि हेनेबर्ग या दोघा अभ्यासकांनी दाखवलं की पुरुषांत रॅमसची मागची कड दाढांच्या चावण्याच्या पातळीवर स्पष्ट वाकलेली असते. बायकांत ती सरळ असते, किंवा वाकलीच तर बरीच वर काँडाइलच्या मानेजवळ नाहीतर खाली कोपऱ्याजवळ. त्यांच्या हातातलं यश ९४ टक्क्यांच्या घरातलं होतं. दुसऱ्यांनी दुसऱ्या हाडांवर करून पाहिलं तेव्हा ते बरंच खाली आलं, काहींच्या हाती तर नाणेफेकीपेक्षा थोडंच बरं. कारण टेबलावर लगेच कळतं. मागच्या कडेला पट्टी लावली की जवळजवळ प्रत्येक जबड्यात पट्टीखालून थोडा उजेड दिसतोच. किती उजेडाला वाक म्हणायचं आणि तो चावण्याच्या पातळीवर आहे की चार मिलिमीटर वर, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. शिवाय दाढाच नसतील तर पातळी कुठून आणणार? आम्ही ही खूण दोन्ही बाजूंना पाहतो, दोन्हीकडे स्पष्ट असेल तरच मोजतो, आणि एका बाजूला एक व दुसऱ्या बाजूला दुसरं निघालं तर सोडून देतो.

वरचा जबडा आला असेल तर टाळू पाहतात : पुरुषाची मोठी, रुंद, यू अक्षरासारखी, बाईची लहान, मागे पसरणारी. वरचं हाड पातळ असल्यानं अखंड क्वचितच मिळतं, आणि टाळूच्या आकारावर आमचा फारसा भरवसा नाही.

मोजमापाला डिजिटल व्हर्नियर, मोठ्या रुंदीसाठी सरकता कॅलिपर आणि मँडिब्युलोमीटर लागतो. मँडिब्युलोमीटर म्हणजे मोजपट्टी कोरलेली एक पाटी. तिच्या एका टोकाला बिजागरीवर हलणारी फळी आणि कोनमापक, दुसऱ्या टोकाला हनुवटीला टेकणारी सरकती उभी पट्टी. जबडा पाटीवर ठेवायचा, दुसऱ्या दाढांवर दोन बोटांनी समान दाब द्यायचा, मागची फळी वर आणून रॅमसच्या मागच्या कडेला टेकवायची आणि अंश वाचायचे. एवढं सोपं, पण प्रत्येक पायरीवर घसरगुंडी आहे. काही जबड्यांची खालची कड बहिर्वक्र असते, ते पाटीवर आरामखुर्चीसारखे डुलतात. दाब पुढे दिला तर कोन वेगळा, मागे दिला तर वेगळा. अशा जबड्याचा कोन आम्ही नोंदवतो, पण सूत्रात घालत नाही. फळी काँडाइलच्या मागे आणि कोपऱ्याच्या वर अशी दोन जागी टेकली पाहिजे. कोपरा मागे फुगलेला असला की ती भलतीकडेच टेकते.

गोनियनचा त्रास वेगळाच आहे. कागदावर तो बिंदू आहे, हाडावर ती गोलाई आहे. खालच्या कडेला एक रेघ, मागच्या कडेला एक रेघ, दोन्ही जिथे मिळतील तिथल्या कोनाचा दुभाजक हाडाला जिथे भेटेल तो गोनियन. हाडावर पेन्सिल चालवायची नाही, हा मुद्देमाल आहे. म्हणून पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे लावून त्यावर खूण करतो आणि मग दोन्ही गोनियनमधलं अंतर घेतो. प्रौढांत ते साधारण ८५ ते १०५ मिलिमीटरमध्ये येतं. कोपरे बाहेर वळलेले असतील तर सर्वांत बाहेरची जागा आणि खरा गोनियन यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरकच मुळी काही मिलिमीटरचा. चुकीच्या जागी टेकवलेला कॅलिपर लिंग बदलू शकतो, तो असा.

बाकीची मापं : दोन्ही काँडाइलच्या बाहेरच्या टोकांमधलं अंतर, रॅमसची उंची, रॅमसची सर्वांत अरुंद जागा, हनुवटीपाशी मध्यावरची उंची, मेंटल फोरामेनपाशी आडव्या हाडाची उंची व जाडी, जबड्याची लांबी, कोन. प्रत्येक माप तीनदा घेतो, पण सलग तीनदा नाही. सगळी मापं एकदा संपवून पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर हात मागचाच आकडा शोधत जातो. दोन वाचनांत एक मिलिमीटरहून जास्त फरक आला तर खुणेपासून पुन्हा. आमच्या मते यातली भरवशाची दोनच : रॅमसची उंची आणि मागची रुंदी. कोनाला क्रमिक पुस्तकात मोठा मान आहे, पण स्त्री-पुरुषांच्या सरासरीत फरक दोन-चार अंशांचा आणि एकाच लिंगातला पसारा त्याच्या कितीतरी पट. परीक्षेत मात्र प्रश्न कोनावरच येतो.

मापं हाती आल्यावर सूत्र. प्रत्येक मापाला ठरावीक गुणांकानं गुणायचं, बेरीज करायची, बेरीज विभाजक आकड्याच्या वर की खाली ते पाहायचं. यूजीन जाइल्स या मानवशास्त्रज्ञानं १९६४ साली अमेरिकेतल्या गोऱ्या आणि काळ्या लोकांच्या जबड्यांवरून अशी सूत्रं बसवली. त्यांच्या हाडांवर ती ८५ टक्क्यांच्या आसपास बरोबर येत. तीच सूत्रं जशीच्या तशी आपल्याकडच्या हाडांना लावली की विभाजक आकडा आपल्या लोकांसाठी उंच पडतो. लहान चणीचा पुरुष खाली राहतो आणि बाई म्हणून नोंदला जातो. पुन्हा तीच दिशा. म्हणून सूत्र वापरायचं ते आपल्या भागातल्या, लिंग नोंदलेल्या हाडांवरून बसवलेलं. अशी हाडं आपल्याकडे मिळणं सोपं नाही. १९८५ साली सरकारनं बंदी घालेपर्यंत भारतातून मानवी सांगाडे जगभर निर्यात होत होते आणि इथल्या शरीररचना विभागांच्या कपाटांतही शेकडो जबडे आहेत. त्यातले पुष्कळसे कोणाचे होते, बाईचे की पुरुषाचे, याची चिठ्ठी कुठेच नाही. लिंग माहीत नसलेल्या जबड्यावर पद्धत पारखता येत नाही. तिथे नुसता हात बसवता येतो.

जिवंत माणसांच्या ओपीजी, म्हणजे अख्खा जबडा एकाच फिल्मवर दाखवणाऱ्या, एक्स-रेवरून बरेच अभ्यास होतात. त्यांत वय-लिंग पक्कं माहीत असतं, ही मोठी सोय. पण त्या फिल्ममध्ये हाड मोठं दिसतं, यंत्रानुसार २० ते ३० टक्केही, आणि सगळीकडे सारखं मोठं दिसत नाही. फिल्मवरचा विभाजक आकडा कोरड्या हाडाला लावायचा नाही. तुलना करायचीच तर सीटी स्कॅनवरच्या मापांशी.

सुळा जागेवर असेल तर एक आडवाट आहे. खालचा सुळा हा सगळ्या दातांत स्त्री-पुरुषांचा फरक सर्वांत जास्त दाखवणारा दात, आणि टिकाऊही : जाड मूळ, कीड कमी, उशिरा पडतो. व्हर्नियरच्या बारीक टोकांनी त्याची शेजारच्या दातांकडची सर्वांत जास्त रुंदी घ्यायची. दोन्ही सुळ्यांच्या टोकांमधलं अंतर घ्यायचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. १९८९ साली दक्षिण भारतातल्या अभ्यासात ०.२७४ हा आकडा निघाला. त्याच्या वर पुरुष, खाली स्त्री. समजा सुळा ७.० मिलिमीटर आणि अंतर २६.० : भागाकार ०.२६९, म्हणजे स्त्री. तोच सुळा आणि अंतर २५.० : ०.२८०, म्हणजे पुरुष. पुढचे दात दाटीवाटीनं आले असले की अंतर एका मिलिमीटरनं सहज कमी होतं. दुसरी अडचण गणितातच आहे. पुरुषाचा सुळा मोठा तशी त्याची कमानही मोठी. भागाकार करताना तोच फरक वर-खाली छाटला जातो, जो शोधायला आपण निघालो होतो. नुसती सुळ्याची रुंदी या गुणोत्तरापेक्षा जास्त बोलते, असं पुढे इतर अभ्यासकांनीही दाखवलं. आम्ही गुणोत्तर लिहितो, कारण न्यायालयात त्याबद्दल विचारतात. वजन रुंदीला देतो.

अर्धा जबडा आला की निम्मी रुंदी मोजून दुप्पट करण्याचा मोह होतो. मध्यरेषा एक मिलिमीटर चुकली तर दुप्पट करताना दोन चुकतात, आणि जबडे दोन्ही बाजूंना सारखे नसतात. चितेतून किंवा जळीत प्रकरणातून आलेल्या हाडाचा आधी रंग पाहायचा. काळं पडलेलं हाड फारसं आकसत नाही. पांढरं, आडव्या-उभ्या भेगा पडलेलं हाड चांगलंच आकसलेलं असतं आणि वाकलेलंही. त्याची मापं घेऊन सूत्रात घातली की उत्तर ठरलेलंच : बाई.

उत्तर मधेच लटकलं असेल, किंवा प्रकरण तसं असेल, तर हेरून ठेवलेली दाढ आता निघते. निर्जंतुक कुपी, वेगळी मोहोर, हस्तांतराची नोंद. प्रयोगशाळेत अमेलोजेनिन जनुक पाहतात. दातांच्या कवचाशी निगडित हे जनुक एक्स आणि वाय दोन्ही गुणसूत्रांवर असतं, फक्त एक्सवरचा तुकडा सहा अक्षरांनी आखूड. नेहमीच्या चाचणीत १०६ आणि ११२ अक्षरांचे असे दोन तुकडे दिसले तर पुरुष, एकटा १०६चा दिसला तर स्त्री. इथेही एक खड्डा आहे आणि तो भारतातच ठळकपणे सापडला. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली २७० भारतीय पुरुष तपासले. त्यांतल्या पाच जणांत वायवरचा तो तुकडाच गळालेला होता. म्हणजे चाचणीनं ते पाचही स्त्री ठरले असते. चूक परत त्याच बाजूला. म्हणून विनंतीपत्रात ‘अमेलोजेनिनसोबत वाय गुणसूत्रावरच्या खुणाही तपासाव्यात’ असं स्पष्ट लिहितो. डीएनए पार गेलेल्या जुन्या दातांत आता कवचातली प्रथिनं तपासतात. इटलीतल्या मोदेना इथे हातात हात घालून पुरलेल्या जोडप्याला जग प्रेमी युगुल समजत होतं. २०१९ साली कवचाच्या तपासणीत दोघंही पुरुष निघाले.

अहवालात लिंगासाठी आम्ही पाचच शब्दप्रयोग वापरतो : पुरुष, बहुधा पुरुष, ठरवता येत नाही, बहुधा स्त्री, स्त्री. एकट्या जबड्यावरून पहिला किंवा पाचवा लिहीत नाही. आधी वयाचा परिच्छेद, मग कोणती मापं घेता आली, कोणती नाहीत आणि का, कोणती खूण कोणत्या बाजूला झुकली, दोघांच्या गुणांत कुठे फरक होता. ‘जबडा आकारानं मोठा व मजबूत असल्यानं पुरुषाचा’ हे वाक्य जुन्या अहवालांत सर्रास दिसतं. कशापेक्षा मोठा, हे त्यात नसतं, आणि उलटतपासणीत वकील नेमकं तेच विचारतो. कटीर सोबत असेल आणि ते जबड्याविरुद्ध बोलत असेल, तर कटीराचं ऐकतो.

अकस्मात मृत्यूची ही चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पोलीस ठाण्यात हा अहवाल पोचला की पहिलं काम होतं ते बेपत्ता व्यक्तींची यादी चाळण्याचं. आम्ही ‘बहुधा स्त्री’ लिहिलं की पुरुषांची पानं उलटलीच जात नाहीत. म्हणून मताखाली एक ओळ जास्तीची असते : डीएनएचा निष्कर्ष येईपर्यंत त्याच वयोगटातल्या पुरुषांची नावं वगळू नयेत, विशेषतः वीसच्या आतली आणि साठीच्या पुढची. हाड शरीराचं लिंग सांगतं, माणूस कोणत्या नावानं आणि कोणत्या कपड्यांत वावरत होता हे सांगत नाही, तेही याच ओळीत येतं. मग दोघांच्या सह्या होतात, जबडा पुन्हा कापसात बसवतो, गाळणीत राहिलेले दात नंबर घातलेल्या पाकिटात त्याच्या शेजारी ठेवतो आणि खोकं शिवायला देतो.